ऊस-नकाशाचा डेटाबेस अपग्रेडनंतर का रखडला: कामाच्या नोंदी

चिकोडी-रायबाग पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याचा ऊस नोंदणीचा नकाशा आम्ही बेळगावातून सांभाळतो. पाच-सहा हंगामांचे मिळून दीड लाखावर प्लॉट आहेत. प्रत्येकाचा पॉलिगॉन (हद्दीचा आकार), सर्व्हे नंबर, शेतकऱ्याचं नाव, लागणीची तारीख. शिवाय नद्या, ओढे, रस्ते आणि २०१९ च्या महापुराचं क्षेत्र. सगळं यूटीएम ४३ उत्तर (३२६४३) या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत, कारण कारखान्याला अंतर मीटरमध्ये आणि क्षेत्र गुंठ्यात लागतं. फील्डमनच्या मोबाईलवर नकाशा, गट ऑफिसात याद्या, आमच्याकडे क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर.

आधी होतं: उबुंटू १८.०४ (ऑपरेटिंग सिस्टिम), पोस्टग्रेस ११ (डेटाबेस), पोस्टजीआयएस २.५ (डेटाबेसात नकाशे हाताळणारं एक्सटेन्शन, म्हणजे जोड). आता आहे: उबुंटू २२.०४, पोस्टग्रेस १६, पोस्टजीआयएस ३.४. मशीन तेच, जुना टॉवर सर्व्हर, साटा एसएसडी. अपग्रेड हौसेनं केलेलं नाही. १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला, पोस्टग्रेस ११ चा त्याच वर्षी नोव्हेंबरात. गाळप चालू असताना हात लावायची सोय नव्हती, म्हणून मे महिना धरला.

हाच प्रवास करणाऱ्यांसाठी या नोंदी. कमांड जशाच्या तशा दिलेल्या नाहीत, त्या मॅन्युअलात आहेत. कुठे अडकलं आणि का, एवढंच लिहितोय.

११ मे २०२४, शनिवार

लोकसभेचं मतदान मंगळवारी उरकलं, तोवर कुणी परवानगी देईना. आज दिवसभर ऑफिस बंद ठेवून काम.

पहिला अडथळा माहीत होता. पीजी-अपग्रेड (डेटा नव्या व्हर्जनवर नेणारी कमांड) नव्या क्लस्टरमध्ये (एका व्हर्जनच्या पोस्टग्रेसचा सगळा संच) जुन्याच लायब्ररी शोधतं, आणि पोस्टजीआयएस २.५ ची लायब्ररी पोस्टग्रेस १६ साठी नाहीच. त्यामुळे आधी पोस्टग्रेस ११ वरच पोस्टजीआयएस ३ बसवलं आणि एक्सटेन्शन अपडेट केलं. ३ पासून लायब्ररीच्या नावात नुसता ३ असतो, पुढचा आकडा नसतो, म्हणून तिथून पुढे वाट मोकळी. रास्टरची (ठिपक्यांनी बनलेल्या चित्रांची) फंक्शनं २.५ मध्ये मुख्य एक्सटेन्शनच्याच पोटात होती, ३ मध्ये ती वेगळी निघतात. अपग्रेडचं फंक्शन दुसऱ्यांदा चालवल्यावर ती वेगळ्या एक्सटेन्शनमध्ये बांधली गेली, आणि आम्ही रास्टर वापरतच नसल्यानं ते एक्सटेन्शन काढून टाकलं.

दुसरा अडथळा अनपेक्षित. उबुंटू २०.०४ करून २२.०४ ला आलो, तर पोस्टग्रेस ११ चालू होतंय पण पोस्टजीआयएसची लायब्ररी लोड होईना. ती जुन्या प्रोज (निर्देशांक बदलणाऱ्या) लायब्ररीला बांधलेली, आणि ती लायब्ररी सफाईत उडालेली. २२.०४ साठी बांधलेली ११ ची पॅकेजं पोस्टग्रेसच्या अर्काइव्ह रिपॉझिटरीतून आणली. दुपार त्यात गेली.

पीजी-अपग्रेड लिंक न करता कॉपी पद्धतीनं केलं. लिंकनं काही सेकंदांत होतं, पण नवं क्लस्टर एकदा चालू केलं की जुन्याकडे परतता येत नाही. कॉपीला डिस्क दुप्पट लागते. लागू दे. पुढे जुनं क्लस्टर शेजारी उभं करता आलं, आणि सगळा उलगडा त्यातूनच झाला.

रात्री नकाशा उघडला, चार प्लॉट तपासले, घरी.

१३ मे, सोमवार

सकाळी सव्वानऊला सदलगा भागातून पहिला फोन. "साहेब, मॅप उघडंनाच झालाय बघा. गोल गोल फिरतंय नुसतं." मग यक्संबा, मग अंकली. अकरापर्यंत गट ऑफिसातून अण्णांचा फोन, की जुनंच परत बसवा, आमचं तेच बरं होतं.

एक साधी क्वेरी घेऊन, ती आतून कशी चालते ते दाखवणारा एक्सप्लेन अ‍ॅनालाइज लावला. एका गावाच्या हद्दीतले प्लॉट मागितले होते. प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज शंभराच्या आत, प्रत्यक्षात निघाले दोन हजारांवर. अंदाज इतका कोसळला की पुढचा सगळा प्लॅन त्याच चुकीवर उभा राहतो, आतल्या लूपमध्ये लूप.

कारण: पोस्टग्रेस १७ पर्यंतचं पीजी-अपग्रेड टेबलांची आकडेवारी सोबत आणत नसे. भूमितीच्या कॉलमसाठी अ‍ॅनालाइज एक हिस्टोग्राम बनवतं, नकाशाच्या कुठल्या भागात किती दाटी आहे याचा. तो नसेल तर प्लॅनर अंधारात ठोकताळे मांडतो. आपोआप चालणारा व्हॅक्यूम (टेबलांची साफसफाई) हे भरून काढेल असं वाटतं, पण तो टेबलात पुरेसे बदल झाल्यावर जागा होतो, आणि मागच्या हंगामांच्या टेबलांत बदल होतच नाहीत.

पूर्वी अपग्रेड संपल्यावर अ‍ॅनालाइजची एक स्क्रिप्ट फाइल तयार मिळायची. पोस्टग्रेस १४ पासून ती मिळत नाही, शेवटी फक्त एक ओळ छापली जाते की अमुक कमांड चालवा. शनिवारी ती चालली होती, पण डेटाबेसचं नाव न देता, सगळ्या डेटाबेससाठीचा पर्याय न लावता. त्यामुळे ती मूळच्या रिकाम्या डेटाबेसवर चालून खुशाल संपली.

आता नीट चालवली: व्हॅक्यूमडीबी ही कमांड, सगळे डेटाबेस, टप्प्याटप्प्यानं अ‍ॅनालाइज. तीन टप्पे असतात. पहिला घाईघाईचा, त्यामुळे लगेच काहीतरी आकडे मिळतात, तिसरा नेहमीच्या खोलीचा. अर्ध्या तासात झालं.

गावनिहाय यादी पूर्वीसारखी. मोबाईलचा नकाशा मात्र अजून रडतोय.

१४ मे, मंगळवार

हार्डवेअरवाल्यानं सरांना सांगितलं की नवीन व्हर्जनला रॅम जास्त लागते. १६ ची ३२ जीबी केली, साडेआठ हजार रुपये. मी सांगून पाहिलं की आधी बघू, पण कारखान्याचे फोन चालू असताना 'आधी बघू' कुणाला पटत नाही.

रॅम बसवायला मशीन बंद करावं लागणार होतंच, तेव्हा सेटिंगची फाइल उघडली. पीजी-अपग्रेड तीही आणत नाही. शेअर्ड बफर्स १२८ एमबी, वर्क मेम ४ एमबी, रँडम पेज कॉस्ट ४, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कचा हिशेब. सगळं कारखान्यातून आल्यासारखं कोरं. (उबुंटूवर क्लस्टर अपग्रेड करणारी डेबियनची वेगळी कमांड आहे, ती सेटिंग फाइलही सोबत नेते. ती वापरली असती तर हा भाग वाचला असता.) जुन्या फाइलमधले आकडे आणले. शेअर्ड बफर्स ८ जीबी, रँडम पेज कॉस्ट १.१.

मग एक्सप्लेनला बफर्सचा पर्याय लावून मोबाईलच्या नकाशाची टाइल क्वेरी (टाइल म्हणजे नकाशाचा एक चौकोनी तुकडा) परत चालवली. सगळी पानं 'हिट', डिस्कवरून वाचलेलं शून्य. म्हणजे डेटा मेमरीतच आहे आणि तरी वेळ तेवढाच लागतोय. रॅमचा प्रश्न इथेच निकालात निघाला, साडेआठ हजारांसकट.

१५ मे, बुधवार

कालच्याच आउटपुटच्या तळाशी एक भाग होता, तो नजरेआड झाला होता. शीर्षक जेआयटी, म्हणजे क्वेरी चालवताना तिचा काही भाग मशीनच्या भाषेत कंपाइल करणं. खाली किती फंक्शनं कंपाइल केली, आणि वेळ: जनरेशन, इनलायनिंग, ऑप्टिमायझेशन, एमिशन. बेरीज सातशे मिलिसेकंदांच्या वर. प्रत्यक्ष क्वेरीचं काम साठ-सत्तर मिलिसेकंदांचं.

मोबाईलच्या एका स्क्रीनला डझनभर टाइल लागतात. प्रत्येक टाइल म्हणजे स्वतंत्र क्वेरी. प्रत्येक क्वेरी पाऊण सेकंद कंपाइल होण्यात घालवणार आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम संपवणार. लग्नाला पाच माणसं आणि मांडव पाचशेंचा, तसं.

हे आताच का? दोन गोष्टी एकत्र आल्या. जेआयटी पोस्टग्रेस ११ मध्येच आलं, पण तिथे बंद असायचं. १२ पासून मुळातच चालू. ते केव्हा लागू होतं, तर प्लॅनचा अंदाजी खर्च एक लाखाच्या वर गेला की. आणि पोस्टजीआयएस ३ नं, पोस्टग्रेस १२ आणि पुढच्यासाठी, आपल्या फंक्शनांचे खर्चाचे आकडे वाढवले. वाढवले ते योग्यच, एसटी-इंटरसेक्ट्स (दोन आकार एकमेकांना भिडतात का ते बघणारं फंक्शन) ही काही बेरीज-वजाबाकी नव्हे, आणि त्यामुळे प्लॅनर समांतर काम करायला तयार होतो. पण दोन-तीन हजार प्लॉट असलेली साधी टाइलसुद्धा कागदावर महाग दिसायला लागली आणि जेआयटीचा उंबरा ओलांडू लागली. समांतर वर्कर असतील तर प्रत्येक जण आपापलं कंपाइल वेगळं करतो, तो भार आणखी.

डेटाबेसच्या पातळीवर जेआयटी बंद केलं. फरक शून्य. मोबाईलवर तेच चक्र.

तासाभरानं लक्षात आलं की हे सेटिंग नव्या जोडणीलाच लागतं. मध्ये कनेक्शन पूल आहे, त्यानं सकाळपासूनच्या जोडण्या धरून ठेवलेल्या. पूल रीस्टार्ट केला आणि टाइल सत्तर मिलिसेकंदांवर आली.

उंबरा एक लाखावरून पन्नास लाखांवर नेऊन जेआयटी चालू ठेवायचा पर्याय होता. नाही ठेवला. आमच्या क्वेऱ्यांत वेळ खातात ती भूमितीची फंक्शनं, आणि ती आधीच कंपाइल केलेल्या सी लायब्ररीत आहेत. जेआयटी तिथे काय वाचवणार?

दुपारनंतर फोन थांबले. सदलग्याच्या फील्डमनला मुद्दाम विचारलं. "आता पळतंय," म्हणाला.

१७ मे, शुक्रवार

खरं दुखणं आज सापडलं.

कारखान्याला जूनच्या आधी एक यादी लागते: नदीच्या पात्रापासून ५०० मीटरच्या आतले प्लॉट. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि त्यांना मिळणारे मोठे ओढे. पावसाळ्यात कोणत्या उसात पाणी शिरू शकतं, तोडणीचा क्रम लावताना कोणता प्लॉट आधी धरायचा, त्यासाठी. जुन्या व्हर्जनवर पाऊण मिनिट लागायचं. काल संध्याकाळी लावलेली क्वेरी आज सकाळी आलो तेव्हाही चालूच होती. एक कोअर शंभर टक्के, डिस्क शांत. मारून टाकली.

आकडेवारी ताजी, सेटिंग जागेवर, जेआयटी बंद. म्हणजे तिन्ही नेहमीचे संशयित सुटलेले.

मग जुनं क्लस्टर ५४३३ पोर्टवर उभं केलं, फक्त वाचण्यासाठी. तोच डेटा, तेच मशीन, पोस्टजीआयएसही ३ च. फरक फक्त पोस्टग्रेस ११ आणि १६ चा. दोन्हीकडे नुसता एक्सप्लेन घेतला, कारण नवीनवर अ‍ॅनालाइज लावला तर तो संपलाच नसता. दोन्ही कागदावर छापून टेबलावर शेजारी ठेवले. स्क्रीनवर हे जमत नाही, निदान मला नाही.

क्वेरीची रचना अशी. वर विथ लावून एक तात्पुरता संच, नाव 'पट्टा': प्रत्येक नदीचा ५०० मीटरचा बफर (नदीभोवती तेवढ्या अंतराचा आकार). खाली प्लॉटचं टेबल या पट्ट्याशी जोडायचं, अट एसटी-इंटरसेक्ट्स.

जुन्या प्लॅनमध्ये 'पट्टा' स्वतंत्र दिसतो: आधी पूर्ण मोजला, बाजूला ठेवला, मग त्यातून वाचला. नव्या प्लॅनमध्ये 'पट्टा' हे नावच नाही. शोधून सापडेना. त्याऐवजी खालच्या फिल्टरच्या ओळीत, एसटी-इंटरसेक्ट्सच्या कंसात, प्लॉटच्या भूमितीशेजारी अख्खं एसटी-बफर बसलेलं.

पोस्टग्रेस ११ पर्यंत विथमधला भाग नेहमी आधी वेगळा मोजला जायचा. १२ पासून, तो एकदाच वापरला असेल, पुनरावर्ती नसेल आणि त्याचे काही आड-परिणाम नसतील, तर प्लॅनर तो मुख्य क्वेरीत विरघळवून टाकतो. बऱ्याच क्वेऱ्यांना याचा फायदाच होतो, कारण बाहेरची अट आत पोचते आणि इंडेक्स (शोधसूची) वापरता येतो. आमच्याकडे उलटं झालं. इंडेक्सवरून उमेदवार प्लॉट शोधताना बफर नदीमागे एकदाच काढला जातो, तिथवर ठीक. पण नंतर प्रत्येक उमेदवार प्लॉट खरंच आत आहे का हे तपासताना फिल्टर चालतो, आणि फिल्टरमध्ये बफर आहे. म्हणजे कृष्णेचा हजारो बिंदूंच्या रेषेचा बफर प्रत्येक प्लॉटमागे नव्यानं. प्लॉट हजारोंनी. रात्रभर मशीन कृष्णेचे बफर काढत बसलं होतं.

विथमध्ये 'मटेरिअलाइज्ड' हा एक शब्द घातला. पन्नास सेकंद. जुन्याच्या आसपास.

इथे थांबता आलं असतं. पण ही क्वेरी मुळातच वाकडी होती, पोस्टग्रेस ११ ची जुनी सवय तिला सांभाळून घेत होती. ५०० मीटरच्या आत आहे का एवढंच विचारायचं तर बफर कशाला? एसटी-डीविदिन आहे. बफर काढून टाकला, थेट नदीची रेषा आणि प्लॉट, अंतर ५००. पंधरा सेकंद.

तरी पंधरा जास्तच. कारण नदीची चौकट. इंडेक्स रेषा बघत नाही, रेषेभोवतीचा आयत बघतो. कृष्णा तिरकी वाहते, तिचा आयत अर्ध्या तालुक्यावर पसरतो, आणि त्या आयतातला प्रत्येक प्लॉट उमेदवार ठरतो. नद्यांचे एसटी-सबडिव्हाइडनं तुकडे करून वेगळ्या टेबलात ठेवले, त्यावर जीआयएसटी (भूमितीसाठीचा) इंडेक्स, मग अ‍ॅनालाइज. आयत लहान, उमेदवार कमी. दोन सेकंद. एक प्लॉट दोन तुकड्यांच्या जवळ असेल तर दोनदा येतो, म्हणून जोडणीऐवजी 'एक्झिस्ट्स' लावलं.

१८ मे, शनिवार

यादी कारखान्याला पाठवली. तासाभरात शेती विभागातून फोन: मागच्या वर्षीपेक्षा काही प्लॉट नवे आलेत, नदी सरकली काय?

नदी जागेवर आहे. बफरची कमान खरी गोल नसते. पाव वर्तुळाला आठ सरळ रेघा, तो पोस्टजीआयएसचा नेहमीचा हिशेब. रेघेची टोकं बरोबर ५०० वर, मधला भाग किंचित आत. ५०० मीटरला ही तूट जास्तीत जास्त अडीच मीटरच्या आत भरते, आणि तीही फक्त नदीच्या वळणांच्या बाहेरच्या बाजूला. एसटी-डीविदिन अंतर खरं मोजतं, म्हणून काठावरचे थोडे प्लॉट नव्यानं आत आले. त्या प्लॉटचे नंबर काढून, प्रत्येकाचं नदीपासूनचं अंतर शेजारी लिहून पत्रासोबत दिलं. सगळी ४९७ ते ५०० मीटरमधली. हे आधीच पाठवायला हवं. याद्या बदलल्या की गावात त्याचे अर्थ वेगळे निघतात.

२० मे, सोमवार

महापुराचं क्षेत्र. ऑगस्ट २०१९ चं पाणी सेंटिनेल-१ च्या रडार चित्रांवरून काढलेलं आहे. रडार ढगांतून आरपार बघतं, म्हणून पुराच्या दिवसांतलं चित्र मिळालं तरी. पण रास्टरवरून पॉलिगॉन केल्यामुळे कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या, दर दहा मीटरला एक कोपरा. येडूर-कल्लोळपासून खाली सगळं एकच प्रचंड पॉलिगॉन, लाखांवर बिंदू, आत बेटांची भोकं.

ही क्वेरी अपग्रेडनं बिघडलेली नाही, आधीपासूनच मंद होती. पण नद्यांचं झालंच आहे तर हेही. सबडिव्हाइड, तुकड्याला जास्तीत जास्त २५६ बिंदू. चार मिनिटांची क्वेरी पाच सेकंदांवर.

सहकारी म्हणाली, कडा सोप्या करून टाकू, बिंदू दहापट कमी होतील. गणितानं बरोबर आहे. पण सोप्या केलेल्या कडेनं एखाद्याचा बांध पुराच्या बाहेर गेला तर भरपाईच्या वेळी तो माणूस दारात येणार, आणि त्याला काय सांगायचं? तुकडे केल्यानं आकार जराही बदलत नाही. तुकडेच ठेवले.

बुडालेलं क्षेत्र काढताना प्रत्येक तुकड्याशी छेद घेऊन प्लॉटनिहाय बेरीज करावी लागते. तुकडे एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे बेरीज बरोबर येते. नुसते प्लॉट मोजताना मात्र दोन तुकड्यांत आलेला प्लॉट दोनदा मोजला जातो. दोन वेगळ्या क्वेऱ्या ठेवल्यात, नावात स्पष्ट लिहून.

२२ मे, बुधवार

आजचं प्रकरण वेगाचं नव्हतं, त्याहून वाईट होतं.

बोरगावच्या बाजूनं तक्रार: एका शेतकऱ्याचा सर्व्हे नंबर टाकला तर 'नोंद नाही' येतं. नकाशावर त्याच प्लॉटवर बोट ठेवलं तर माहिती येते, त्याच नंबरासकट.

आमच्याकडे सर्व्हे नंबर मजकूर म्हणून साठवलेला आहे, कारण कर्नाटकातल्या उताऱ्यावर नंबर, मध्ये बहुतेक वेळा एक चांदणी, आणि मग हिस्सा असतो. ४५/*/२ असा. काही जुन्या नोंदी ४५-२ अशा. शिवाय नावाच्या कॉलममध्ये उताऱ्यावरून आलेलं कन्नड आणि फील्डमननं लिहिलेलं मराठी शेजारी-शेजारी.

आता मजकुराचा इंडेक्स क्रमावर उभा असतो, आणि तो क्रम पोस्टग्रेस ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमची सी लायब्ररी ठरवते. ग्लिबसी (हीच ती सी लायब्ररी) २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणात बदलला. उबुंटू १८.०४ वर २.२७ आहे, २२.०४ वर २.३५. सोपी परीक्षा: '१-१' आणि '११' हे दोन इंग्रजी आकड्यांत लिहून सॉर्ट करा. जुन्यावर ११ आधी येतो, नव्यावर १-१. रेघ, चांदणी, तिरकी रेघ यांना जुना क्रम जवळजवळ मोजतच नसे, नवा मोजतो. आणि आमचे सगळे सर्व्हे नंबर याच चिन्हांनी भरलेले.

पीजी-अपग्रेड इंडेक्स नव्यानं बांधत नाही, फाइल उचलून ठेवतो. जुन्या क्रमानं रचलेलं झाड आणि नव्या क्रमानं शोधणारा माणूस. काही नंबर सापडतात, काही नाहीत. पोस्टग्रेस १५ पासून कोलेशनची (अक्षरांच्या क्रमाची) आवृत्ती जुळत नसेल तर इशारा येतो, पण ११ च्या डेटाबेसमध्ये ती आवृत्ती लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे आम्हाला काहीच दिसलं नाही. डंप घेऊन रिस्टोअर केलं असतं तर इंडेक्स नव्यानं बांधले गेले असते आणि हा भाग उद्भवलाच नसता.

अ‍ॅमचेक एक्सटेन्शननं मजकुराचे बी-ट्री इंडेक्स तपासले. निम्म्यांहून जास्त बिघडलेले. भूमितीचे जीआयएसटी इंडेक्स यात येत नाहीत, त्यांना अक्षरांचा क्रम ठाऊकच नाही.

रीइंडेक्स (इंडेक्स नव्यानं बांधणं) लावला. गाव-सर्व्हे-हंगाम हा युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारा) मध्येच अडला: एकच 'की' (किल्ली) दोनदा आहे. ११ तारखेपासून ज्या नोंदी झाल्या त्यांत काही प्लॉट दुसऱ्यांदा शिरले होते. फील्डमननं नंबर टाकला, इंडेक्स म्हणाला नाही सापडत, फील्डमननं नवी नोंद केली, आणि युनिकच्या पहारेकऱ्यालाही पहिली नोंद दिसली नाही.

२३ मे, गुरुवार

दुबार नोंदींची यादी काढली, दोन-अडीच डझन. सरसकट नंतरची उडवता येत नव्हती, कारण काही ठिकाणी नंतरच्या नोंदीत लागणीची तारीख बरोबर होती आणि आधीची अंदाजे. प्रत्येकासाठी गट ऑफिसला फोन. एका ठिकाणी दोन भावांनी एकच प्लॉट आपापल्या नावावर नोंदवलेला निघाला, पण तो अपग्रेडच्या आधीचा, हिस्सा वेगळा लिहून. तो आम्ही सोडवायचा नाही, शेती विभागाकडे पाठवला.

संध्याकाळी रीइंडेक्स पुरा. बोरगावचा नंबर सापडला. सर्व्हे नंबरच्या कॉलमचं कोलेशन 'सी' केलं. तिथे क्रम नुसत्या बाइटचा असतो, पुढची ऑपरेटिंग सिस्टिम काहीही म्हणो. नावांच्या कॉलमला ते करता येणार नाही, याद्या वर्णक्रमानं लागतात आणि त्यावरूनही भांडणं होतात.

२७ मे, सोमवार

मोठ्या भूमिती दाबून साठवल्या जातात, त्या वाचताना उलगडण्यात वेळ जातो, म्हणून साठवण 'एक्सटर्नल' करून पाहिली. पुराच्या तुकड्यांवर फरक जाणवला नाही, तुकडे आधीच लहान. प्लॉटच्या टेबलावर तर प्रश्नच नाही, चार-सहा कोपऱ्यांचं शेत. परत पूर्ववत.

दुपारी वळीव, लाईट गेली, यूपीएसनं सर्व्हर नीट बंद केला. चालू झाल्यावर जेआयटी बंदच आहे ना ते तपासलं. आहे.

४ जून, मंगळवार

लोकसभेच्या निकालाचा दिवस, एकही फोन नाही, म्हणून उरलेल्या जुन्या क्वेऱ्या बसून चाळल्या. विथ असलेल्या सगळ्या, आणि त्यांत बफर, युनियन किंवा ट्रान्सफॉर्म कुठे आहे ते बघत. तीन ठिकाणी तोच घाट निघाला. दोन ठिकाणी एसटी-डीविदिन, तिसरीकडे खरोखर बफरचा आकार लागतो म्हणून 'मटेरिअलाइज्ड'.

एक क्वेरी अशीही सापडली, जिच्यात अटीतच प्लॉटच्या भूमितीला ४३२६ (अक्षांश-रेखांश) मध्ये ट्रान्सफॉर्म केलंय, मोबाईलकडून येणाऱ्या बिंदूशी जुळवायला. अशानं इंडेक्स बाद होतो, दीड लाख प्लॉट ट्रान्सफॉर्म होतात. उलटं केलं: बिंदू ३२६४३ मध्ये आणला, तो एकच. ही चूक अपग्रेडच्या कितीतरी आधीची, वर्दळ कमी म्हणून खपून गेलेली.

खर्च: रॅमचे साडेआठ हजार, अर्काइव्हची पॅकेजं फुकट, बाकी पगारी वेळ. कारखान्यानं मे महिन्याच्या बिलातून काही कापलेलं नाही.

जुनं क्लस्टर अजून डिस्कवर आहे. त्याचा डंप बाहेरच्या डिस्कवर घेतला की काढणार. डंपमध्ये इंडेक्सची नुसती व्याख्या येते, रचलेलं झाड येत नाही, त्यामुळे जुना क्रमही येणार नाही. नावांच्या कॉलममधलं कन्नड-मराठी वेगळं करणं राहिलंय, ते आडसालीच्या नोंदी सुरू व्हायच्या आत.